तारणासाठी विश्वासाखेरीज आणखी काही लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळच्या एका कॅथलिक घरात वाढलेली आणि आता नोकरीनिमित्त रत्नागिरीत राहणारी एक भगिनी तिथल्या एका प्रार्थनासंगतीला जाऊ लागली आहे. तिथे तिला सांगण्यात आले की तारण केवळ विश्वासाने होते, त्याला दुसरे काहीही लागत नाही; मिस्सा, पापनिवेदन, उपवास, जपमाळ ही सगळी माणसाने रचलेली कर्मे आहेत आणि त्यांवर भिस्त ठेवणाऱ्याचे तारण होत नाही. अलीकडेच वारलेल्या तिच्या आजीचे सारे आयुष्य याच गोष्टींत गेले होते. मग आजीचे काय झाले असेल, आणि आपला लहानपणीचा बाप्तिस्मा धरायचा की पुन्हा पाण्यात उतरायचे, असे तिने विचारले आहे.

मी प्रॉटेस्टंट पाळक आहे. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या लहान लहान मंडळ्यांत माझ्या सेवेची बहुतेक वर्षे गेली. या पट्ट्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट माणसे एकमेकांना धरून राहतात, त्यांच्यात सोयरिकीही होतात, आणि त्यामुळे दृढीकरणाच्या वर्गात, लग्नाच्या बोलणीत आणि आजाऱ्यांच्या खाटेशी हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. म्हणून आधी उत्तर देतो आणि त्याची कारणे नंतर सांगतो.

देव पापी माणसाला कशाच्या आधारावर स्वीकारतो, असे तुम्ही विचारत असाल, तर येशू ख्रिस्ताने जे केले त्याच्या आधारावर, आणि ते आपण केवळ विश्वासाने स्वीकारतो. तिथे आपल्या कोणत्याही सत्कृत्याची, संस्काराची किंवा व्रताची भर घालता येत नाही. परंतु त्या विश्वासात काय काय सामावलेले असते, असे विचारत असाल, तर पश्चात्ताप, प्रेम, आज्ञापालन, बाप्तिस्मा आणि मंडळीची संगत हे सगळे त्यात येते. आणि ज्याच्यातून यांपैकी काहीच कधीच उगवत नाही, त्याला पवित्र शास्त्र तारणारा विश्वास म्हणत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले की भांडणे सुरू होतात, आणि रत्नागिरीत तुमच्या बाबतीत तेच घडलेले दिसते. त्यातही, तुमच्या आजीच्या चर्चची म्हणून जी शिकवण तुम्हाला सांगण्यात आली, ती मुळात त्या चर्चची शिकवण नाही; त्याविषयी पुढे लिहितो.

पहिल्यांदा प्रेषित पौलाकडे वळू, कारण ‘केवळ विश्वास’ म्हणणारे त्याच्याच पत्रांवर उभे असतात आणि ते बरोबरच आहे. पौल ज्या वादात होता तो काल्पनिक नव्हता. यहुदी नसलेली माणसे ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागली होती, आणि यहुदियातून आलेले काही जण त्यांना सांगत होते की सुंता करून घेतल्याशिवाय तुमचे तारण होणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय याच वादाचा आहे. अंत्युखियात तर पेत्रासारखा प्रेषितही यहुदी नसलेल्या बंधूंच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष त्याला तोंडावर सुनावले. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन, म्हणजे नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो हे वचन, या संघर्षातून आलेले आहे. एका पंक्तीला कोण बसू शकतो आणि कशामुळे, हा तिथला जिवंत प्रश्न होता; जातीच्या पंक्ती पाहिलेल्या आपल्या गावांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इ. पी. सँडर्स यांच्या १९७७ सालच्या अभ्यासानंतर काही विद्वान असे मांडतात की पौलाचा विरोध मुख्यतः सुंता, भोजनाचे नियम आणि शब्बाथ या यहुदीपणाच्या खुणांना होता, एकंदर सत्कर्मांना नव्हता. इतिहास म्हणून त्यात बरेच तथ्य आहे. मात्र एवढ्यावर थांबता येत नाही असे माझे मत आहे, कारण चौथ्या अध्यायात पौल मजुरी आणि देणगी यांतला फरक सांगतो: काम करणाऱ्याला मिळते ते त्याचे येणे असते, पण देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो ते येणे म्हणून नव्हे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आणि तीतास पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर आपण केलेल्या नीतीच्या कर्मांचाही आधार काढून घेतलेला आहे. तेव्हा देवाच्या दारात उभे राहताना हातात काहीही नसते, ही गोष्ट पौलाने सुंतेपुरती सांगितलेली नाही; सर्व माणसांसाठी सांगितली आहे.

आता याकोब. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकदाच येतात आणि ते याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नकारासह येतात: माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. हे वचन टाळून पुढे जाणारा उपदेशक ऐकणाऱ्यांवर अन्याय करतो. याकोबासमोर कोण उभा आहे ते मात्र पाहिले पाहिजे. सुंता मागणारा माणूस त्याच्यासमोर नाही. त्याच्यासमोर उभा आहे तो उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असे म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणारा विश्वासणारा. देव एक आहे असे तूही मानतोस, भुतेही मानतात आणि कापतात, असे याकोब त्याला सुनावतो. म्हणजे ज्या विश्वासाला तो अपुरा म्हणतो तो एखादे विधान खरे मानण्यापुरता आहे. असा विश्वास तारतो असे पौलानेही कुठे म्हटलेले नाही. उलट गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याने स्पष्ट लिहिले की ख्रिस्तामध्ये प्रेमाद्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाचाच उपयोग आहे, आणि डोंगर ढळवणारा विश्वास असून प्रेम नसेल तर आपण काहीच नाही, असे करिंथकरांना कळवले.

दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. ते कुठून घेतात हे लक्षात आले की कोडे बरेच सुटते. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायापाशी थांबतो. तिथे निपुत्रिक अब्राहामाने ताऱ्यांकडे पाहून देवाच्या वचनावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आला. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते, तेव्हा अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा होता; म्हणून पौल विचारतो की तो नीतिमान गणला गेला तो सुंतेनंतर की आधी? याकोब बाविसाव्या अध्यायापाशी थांबतो, जिथे इसहाक लाकडे वाहून नेण्याएवढा मोठा झाला आहे आणि अब्राहाम त्याला वेदीवर ठेवतो. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभर. म्हणजे या दोन प्रसंगांमध्ये कितीतरी वर्षे गेलेली आहेत. बाविसाव्या अध्यायात पंधराव्यातले वचन पूर्ण झाले, असे याकोब म्हणतो. ते वचन रद्द झाले असे तो म्हणत नाही, आणि त्याला आणखी काही जोडावे लागले असेही म्हणत नाही. पौल विश्वास कुठे सुरू झाला ते दाखवतो आणि याकोब तोच विश्वास एवढ्या वर्षांनी कुठवर पोहोचला ते दाखवतो.

आपल्याकडे कोय कलम बांधताना काय होते ते पाहिले असेल. जातिवंत हापूसची काडी रोपाला जोडून पट्टी बांधतात. जोडले जाण्यात काडीचे स्वतःचे कर्तृत्व काही नसते. ती कापलेली असते, तिला रस रोपाकडून येतो. पण कलम लागले की नवी पालवी फुटते, आणि पालवी फुटलीच नाही तर माळी म्हणतो की कलम लागले नाही. पालवीमुळे कलम लागत नाही. मात्र लागलेल्या कलमाला ती फुटल्याशिवाय राहत नाही. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने रानटी जैतुनाची फांदी कलम केल्याचे बोलून दाखवले आहे, आणि तिथेच त्याने इशाराही दिला आहे की देवाच्या ममतेत टिकून राहिला नाहीस तर तूही छाटला जाशील. ‘एकदा विश्वास ठेवला, आता काही करा’ असे म्हणणाऱ्यांनी हा इशारा वगळून पुढे जाऊ नये.

प्रभू येशूच्या स्वतःच्या बोलण्यात हा विषय अधिक खोल जातो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाचा दिवस आहे आणि तिथे विचारणा भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट यांचीच आहे. कोणाचा कशावर विश्वास होता हे त्या दृश्यात विचारलेले नाही. पुष्कळांना वाटते की केवळ विश्वासाच्या शिकवणीला याहून मोठा अडथळा नाही. परंतु उजवीकडच्यांनी दिलेले उत्तर पाहा: प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेले पाहिले? त्यांनी आपल्या कर्मांची नोंदच ठेवलेली नाही. याच्या शेजारी सातवा अध्याय ठेवून वाचा. तिथे नाकारले गेलेले लोक यादी घेऊन आलेले आहेत: आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुते काढली, पुष्कळ अद्भुते केली. त्यांना उत्तर मिळते की मला तुमची कधीच ओळख नव्हती. ज्यांच्यापाशी यादी होती ते बाहेर राहिले आणि ज्यांना यादी ठाऊकच नव्हती ते आत गेले. न्याय कर्मांप्रमाणे होईल, हे नवा करार ठिकठिकाणी सांगतो, पौलही सांगतो, आणि ते मी कोणाला सौम्य करून सांगत नाही. पण जी कर्मे तिथे साक्ष देतात ती देवाकडून काही मिळवण्यासाठी केलेली नसतात; देवाने आधीच जे दिले त्यातून ती आलेली असतात. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, आणि चौपट परत करण्याचे वचन जक्कयाने नंतर दिले. आणि ते वचन दिल्यावरच येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे.

चर्चच्या इतिहासात हा प्रश्न प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरपासून सुरू झाला असे समजले जाते, ते खरे नाही. माणूस आपल्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक म्हणत होता आणि बिशप ऑगस्टीनने त्या शिकवणीला आयुष्याच्या शेवटपर्यंत उत्तर दिले. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली, आणि ५२९ साली ओरांजच्या परिषदेने सांगितले की विश्वासाची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते. हा सगळा वारसा कॅथलिकांचा आहे आणि आमचाही आहे. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पापदंडमाफीच्या पत्रांविरुद्ध पंचाण्णव विधाने मांडली तेव्हा त्याच्या मनात हाच ऑगस्टीन होता. त्याने १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणला, त्यात रोमकरांसच्या त्या वचनात ‘केवळ’ हा शब्द घातला, आणि त्यावरून झालेल्या टीकेला १५३० साली उत्तरही दिले. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही हे त्याला माहीत होते. अर्थ तोच आहे असे त्याचे म्हणणे होते. याच ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिले की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली, बलवान गोष्ट आहे आणि तिच्या हातून सतत चांगले घडत नाही असे होणे अशक्य आहे. त्याचे नाव घेऊन विश्वासाला आळसाची सोय करणाऱ्यांनी ही प्रस्तावना वाचावी. याकोबाच्या पत्राला त्याने गवताचे पत्र म्हटले हेही खरे आहे, आणि तिथे मी त्याच्या बाजूचा नाही.

कॅथलिक चर्चचे अधिकृत उत्तर ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी दिले. त्या वेळी वसई पोर्तुगीजांकडे जाऊन बारा वर्षे झाली होती. कोकण किनाऱ्यावरच्या कॅथलिक मंडळींची धर्मशिकवण याच काळात आकाराला आली, म्हणून हा ठराव आपल्याला दूरचा मानता येत नाही. त्याचा पहिलाच निर्णय असा आहे की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून माणूस आपल्या कर्मांनी देवासमोर नीतिमान ठरू शकतो असे कोणी म्हणेल, तर तो बहिष्कृत. आठव्या अध्यायात विश्वासाला तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ म्हटले आहे, आणि नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, विश्वास असो की कर्मे, त्या कृपेला माणसाला पात्र करत नाही असेही म्हटले आहे. नववा निर्णय केवळ विश्वासाची शिकवण नाकारतो, पण ‘केवळ’ याचा अर्थ माणसाच्या इच्छेने कृपेला साथ देण्याची काहीच गरज नाही असा घेतला तर. ट्रेंटच्या दृष्टीने विश्वास म्हणजे देवाने प्रकट केलेले सत्य मानणे. त्याला आशा आणि प्रेम यांची जोड लागणारच. ल्यूथरच्या दृष्टीने विश्वास म्हणजे ख्रिस्ताला सर्वस्वी बिलगणे, आणि त्यात प्रेमाचा उगम आधीच आलेला असतो. दोघेही एकमेकांचे पुरते ऐकून घ्यायला तयार नव्हते, आणि त्यामागे राजकारण होते, पैसा होता, दुखावलेली मनेही होती.

आमच्या बाजूचे सर्वांत नेमके वाक्य मला, स्कॉटलंडच्या चर्चने स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीच्या अकराव्या अध्यायात सापडते. १८२३ साली बाणकोटला उतरलेले स्कॉटिश मिशनरी याच परंपरेतले होते. त्या अध्यायाचा आशय असा आहे की ख्रिस्ताला स्वीकारणारा विश्वास हेच नीतिमान ठरण्याचे एकमेव साधन आहे, पण ज्याला नीतिमान ठरवले त्याच्या ठायी तो विश्वास एकटा नसतो; इतर सर्व तारक कृपादाने त्याच्याबरोबर असतात, आणि तो मृत नसून प्रेमाद्वारे कार्य करतो. दृढीकरणाच्या वर्गात मी हे वाक्य पाठ करून घेत आलो आहे, कारण ते समजले की पौल आणि याकोब दोघेही हातात राहतात.

पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक लूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन तो आपली अंतःकरणे नवी करतो व आपल्याला सत्कर्मांसाठी समर्थ करतो, असे दोघांनी मिळून कबूल केले. जागतिक मेथडिस्ट परिषद २००६ साली आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ साली त्यात सामील झाला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १९ नोव्हेंबर २००८ रोजीच्या आपल्या साप्ताहिक प्रबोधनात सांगितले की विश्वास प्रेमाच्या विरोधात उभा केला नाही तर ल्यूथरचे ‘केवळ विश्वास’ हे शब्द खरे आहेत. कॅथलिक माणूस कर्मांनी तारण विकत घेऊ पाहतो, असे म्हणणाऱ्याने निदान एवढे तरी माहीत करून घ्यायला हवे.

मतभेद संपले असे मात्र मी म्हणणार नाही. कृपेत असलेल्या माणसाची कर्मे सार्वकालिक जीवनासाठी खऱ्या अर्थाने पुण्य ठरतात, हे ट्रेंटचे म्हणणे मला पवित्र शास्त्रात सापडत नाही. देव आपल्या सेवकांना प्रतिफळ देतो एवढेच सापडते. मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होते त्या शुद्धिस्थानाची शिकवण मी मानत नाही. आपले तारण झाले आहे याची खात्री विश्वासणाऱ्याला असावी असे आम्ही शिकवतो. ट्रेंट त्याबाबत अधिक भिऊन बोलते, कारण माणूस स्वतःला फसवतो हे तिला माहीत आहे, आणि या भीतीला आधार आहे हे मी नाकारत नाही. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी तर न्यायालयाची ही भाषा फारशी वापरलीच नाही. त्या देवाच्या जीवनात सहभागी होत जाण्याविषयी बोलतात आणि कृपा व मानवी प्रयत्न यांना वेगळे तोलत बसत नाहीत. हे मतभेद महत्त्वाचे आहेत. परंतु कोणाचे तारण यांवर अवलंबून आहे असे मला वाटत नाही. सोळाव्या शतकात रिचर्ड हूकर या अँग्लिकन पंडिताने, रोमची शिकवण चुकीची मानूनही, ख्रिस्ताला धरून राहिलेले कॅथलिक पूर्वज तारले गेले असे आपल्या भाषणात मांडले आणि त्यासाठी टीका सहन केली. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावर विश्वास ठेवल्याने कोणी तारला जात नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवल्याने तारला जातो. सिद्धान्ताची अचूक मांडणी हीच जर अट केली, तर तेही एक कर्मच झाले, आणि ते फक्त शिकलेल्यांना जमेल असे.

पाळक म्हणून मला दोन्ही बाजूंची दुखणी पाहावी लागली आहेत. रुग्णालयाच्या खाटेवर शेवटचे दिवस मोजणारी भक्तिमान माणसे ‘माझ्याकडून पुरेसे झाले नाही’ म्हणून तळमळताना मी पाहिली आहेत, आणि त्यांत कॅथलिकही होते, आमच्याच मंडळीतले वडीलही होते. त्यांच्यापाशी बसून मी येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराची गोष्ट वाचतो. त्याच्यापाशी ना बाप्तिस्मा होता, ना पुण्य, ना पुढे काही करून दाखवायला आयुष्य. त्याने फक्त ‘माझी आठवण कर’ म्हटले, आणि त्याला ‘आज’ हा शब्द मिळाला: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्या खाटेशी याकोबाचे पत्र उघडणे निष्ठुरपणाचे ठरेल. पण ज्या नाखव्याने उपासनेत मोठ्याने साक्ष द्यावी आणि हंगाम संपल्यावर खलाशांचा वाटा अडकवून ठेवावा, त्याच्यासमोर मी चोराची गोष्ट वाचत नाही. त्याच्यासमोर याकोबाचा पाचवा अध्याय वाचायचा असतो, जिथे अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो. कोणासमोर काय वाचावे हे ओळखणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम आहे, आणि ज्या उपदेशकाकडे सर्वांसाठी एकच वाक्य असते त्याची मला काळजी वाटते.

आता तुमच्या आजीविषयी. दर मिस्सेत प्रभूचे शरीर स्वीकारण्याआधी तुमचे सारे चर्च शताधिपतीचे शब्द म्हणते: प्रभो, तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही, तू शब्द मात्र बोल. आयुष्यभर हे शब्द म्हणत वेदीकडे गेलेली स्त्री स्वतःच्या कर्मांवर भिस्त ठेवून होती, असे तिला न ओळखणाऱ्याने कशाच्या जोरावर म्हणावे? तिच्या जपमाळेतले चिंतन येशूच्या जन्माचे, दुःखसहनाचे आणि पुनरुत्थानाचे होते, आणि प्रत्येक मण्यावर ती स्वतःला पापी म्हणत होती. मी स्वतः मरियेकडे विनंती करत नाही, ते मला शास्त्रात आढळत नाही, आणि हे मी माझ्या कॅथलिक मित्रांनाही सांगतो. पण ‘आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर’ असे म्हणणारी जीभ देवापुढे हिशेब मांडत नसते. जपमाळेने तिला तारले नाही. तारले असेल ते ख्रिस्ताने, ज्याच्याकडे ती त्या मण्यांच्या आधाराने पाहत राहिली. हृदये पाहणारा देव आहे. त्याच्या हाती तिला सोपवताना तुम्ही घाबरू नये असे मी मनापासून सांगतो.

बाप्तिस्म्याचा प्रश्न राहिला. जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, हे मार्काच्या शेवटच्या अध्यायातले वचन तुम्हाला दाखवले गेले असेल. त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात मात्र दोषी ठरतो तो विश्वास न धरणारा. तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी सैन्याधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा बाप्तिस्म्याआधीच उतरला, आणि तरीही पेत्राने त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली. यावरून मला असे दिसते की बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, ती हलकी लेखता येत नाही. परंतु ज्याला तो मिळू शकला नाही त्याच्यासाठी देवाचे हात बांधलेले नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे वळल्यावरही काही काळ बाप्तिस्म्याविना होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी तो घेतला, आणि पुढे १९१७ साली त्यांनी उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांना जागा होती. बाप्तिस्म्याचा मान राखूनही त्याला भिंत न करणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

तुमचा बाप्तिस्मा पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने झालेला आहे. निकीयाच्या विश्वासांगीकारात आपण सर्वच पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा कबूल करतो. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल बंधू लहानग्यांचा बाप्तिस्मा मानत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे: विश्वास आधी, पाणी नंतर. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बॅप्टिस्टही सामील झाले आणि तिथे दोन्ही पद्धतींना जागा ठेवण्यात आली. पण तुम्हाला पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा सल्ला मी देणार नाही. कसल्याही समजेआधी, काहीही कमावण्याआधी तुम्हाला तो दिला गेला; केवळ कृपेवर जोर देणाऱ्यांना यात खरे तर आनंदच वाटायला हवा. जे तेव्हा तुमच्या वतीने इतरांनी कबूल केले ते आता तुमचे स्वतःचे व्हावे अशी ओढ लागली असेल, तर ती ओढ पवित्र आत्म्याची आहे असे समजा. इस्टरच्या जागरण उपासनेत तुमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होते. या वर्षी ती वचने उच्चारण्याआधी तुमच्या धर्मगुरूंशी त्या प्रत्येक वचनाविषयी बोलून घ्या. रत्नागिरीच्या संगतीत शास्त्र वाचण्याचा जो उत्साह तुम्हाला मिळाला तो सोडू नका, आणि तिथल्या मंडळींना विनंती करा की रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर न थांबता त्यांनी तुमच्याबरोबर सहावा, अकरावा आणि बारावा अध्यायही वाचावा.